एचबीएसएजी पॉझिटिव्ह आलंय? पहिल्या आठवड्यापासून पहिल्या वर्षापर्यंत काय काय करायचं

गणपतीत आमच्या मंडळाचं रक्तदान शिबिर असतं. चौतिसाव्या वर्षी मी पहिल्यांदा हात पुढे केला, कॉफी-बिस्किटं घेतली, प्रमाणपत्राचा फोटो स्टेटसला टाकला. विसर्जनानंतर चार दिवसांनी रक्तपेढीतून फोन आला, "एकदा येऊन जा, फोनवर सांगता येत नाही." तिथल्या समुपदेशक बाईंनी कागद पुढे सरकवला. एचबीएसएजी रिअ‍ॅक्टिव्ह. म्हणजे रक्तात हिपॅटायटिस बी या यकृताच्या विषाणूचा अंश सापडलेला. मी म्हटलं, "म्हणजे कावीळ? पण मला तर काहीच होत नाही." त्या म्हणाल्या, "काही होत नाही म्हणूनच इतकी वर्षं कळलं नव्हतं."

त्याला अकरा वर्षं झाली. मी डॉक्टर नाही, शाळेत भूगोल शिकवतो. पण या अकरा वर्षांत ज्या चुका केल्या आणि जे वेळेवर कळायला हवं होतं, ते इथे क्रमाने लिहितोय. कुणाला हे गरोदरपणाच्या तपासणीत कळतं, कुणाला हर्नियाच्या ऑपरेशनआधी, कुणाला आखातात जायच्या मेडिकलमध्ये. कागद मात्र सगळ्यांच्या हातात सारखाच येतो, आणि त्या रात्री झोप कुणालाच लागत नाही.

पहिल्या आठवड्यात

पहिलं काम म्हणजे मोबाईल बाजूला ठेवणं. मी रात्री दोनपर्यंत लिव्हर कॅन्सरबद्दल वाचत बसलो होतो. त्यातलं बरंचसं खरं होतं, पण माझ्याबद्दल नव्हतं. ज्यांना ही लागण कायमची राहते, त्यांच्यापैकी साधारण १५ ते २५ टक्के लोकांना पुढे यकृताचा गंभीर आजार होतो. म्हणजे बहुतेकांना होत नाही. आणि ज्यांना होतो तो एका आठवड्यात होत नाही, त्याला बहुधा वर्षानुवर्षं लागतात. या आठवड्यात तुम्ही घाई करावी असं जवळपास काहीच नाही. अपवाद तीनच: डोळे पिवळे झाले असतील, पोटात पाणी साचून पोट फुगलं असेल किंवा तुम्ही गरोदर असाल. मग उद्याच डॉक्टर गाठा.

दुसरं काम, चाचणी पक्की करून घ्या. रक्तपेढीतली चाचणी ही चाळणी असते. दान केलेल्या प्रत्येक पिशवीची एचआयव्ही, हिपॅटायटिस बी, हिपॅटायटिस सी, सिफिलिस आणि मलेरियासाठी तपासणी होते, आणि चाळणीत कधी कधी चुकून खडा लागतो. हिपॅटायटिस बीची लस नुकतीच टोचली असेल, तरीही थोडे दिवस एचबीएसएजी पॉझिटिव्ह दिसू शकतं. तेव्हा चांगल्या लॅबमधून एचबीएसएजी पुन्हा करा.

तिसरं, हे जुनं की नवं ते कळायला हवं. एचबीएसएजी सहा महिन्यांहून जास्त काळ रक्तात टिकलं तर त्याला क्रॉनिक, म्हणजे जुनाट म्हणतात. धडधाकट प्रौढाला नव्याने लागण झाली तर शंभरातल्या पंचाण्णवांहून जास्त लोकांचं शरीर ती स्वतःच निपटून टाकतं. अँटी-एचबीसी आयजीएम नावाची चाचणी ताज्या लागणीचा अंदाज देते. शंका असेल तर डॉक्टर सहा महिन्यांनी एचबीएसएजी पुन्हा करायला सांगतात. ते सहा महिने जीव टांगणीला लागतो, पण मधल्या काळातल्या बाकीच्या तपासण्या थांबवू नका.

आणि या आठवड्यात कुणावर आरोप करू नका. हे मी मुद्दाम लिहितोय, कारण सगळ्यात जास्त संसार इथेच हादरतात. "कुठून आणलंस?" या प्रश्नाचं उत्तर बहुतेक वेळा चाळीस वर्षांपूर्वीचं असतं. जन्माच्या वेळी आईकडून बाळाला लागण झाली तर दहातल्या नऊ बाळांमध्ये ती कायमची राहते, मोठेपणी झाली तर शंभरात पाचांहून कमी जणांमध्ये. गणित उघड आहे: आज जुनाट हिपॅटायटिस बी असलेल्या बऱ्याच माणसांना तो पाळण्यात मिळालेला आहे. नाहीतर लहानपणी एकाच सुईने दहा पोरांना टोचलेलं इंजेक्शन, जत्रेतलं गोंदण, वस्तरा, कधीकाळी चढवलेलं रक्त. गुजरातेत मोडासाच्या परिसरात २००९ साली पुन्हा पुन्हा वापरलेल्या सुयांमुळे हिपॅटायटिस बीची मोठी साथ आली होती. अमिताभ बच्चन यांना १९८२ च्या चित्रीकरणातल्या अपघातानंतर दिलेल्या रक्तातून ही लागण झाली, ते त्यांना कित्येक वर्षांनी कळलं आणि त्यांनी स्वतः ते जाहीरपणे सांगितलं.

कोणाकडे जायचं आणि पैशांचं काय

गॅस्ट्रोचे डॉक्टर किंवा यकृततज्ज्ञ हवेत. तालुक्याच्या गावी ते नसतील तर चांगला एमडी फिजिशियन सुरुवात करून देतो. खिसा तंग असेल तर आधी सरकारी दार वाजवा. राष्ट्रीय विषाणूजन्य हिपॅटायटिस नियंत्रण कार्यक्रम २८ जुलै २०१८ ला सुरू झाला, त्यात हिपॅटायटिस बी आणि सीचं निदान आणि औषधं मोफत आहेत. जिल्हा रुग्णालयात किंवा सरकारी मेडिकल कॉलेजच्या रुग्णालयात जाऊन "हिपॅटायटिसचं उपचार केंद्र कुठे आहे?" असं विचारायचं. गोव्यात बांबोळीच्या सरकारी मेडिकल कॉलेजात चौकशी करावी. केसपेपरच्या खिडकीवर नुसतं "कावीळ" सांगितलंत तर जनरल ओपीडीच्या रांगेत अर्धा दिवस जातो, म्हणून शब्द नेमके वापरा.

पहिल्या भेटीला प्रश्न कागदावर लिहून न्या. माझे पाच होते आणि अजूनही तेच विचारतो. माझ्या यकृताला आजवर किती इजा झालीय? विषाणू किती आहे? आत्ता औषध हवं का, आणि नको तर का नको? पुढची तपासणी कधी आणि कोणती? सोनोग्राफी किती महिन्यांनी?

तपासण्या

एकदम सगळ्या केल्या तर यादी लांबलचक वाटते, पण प्रत्येक चाचणी एका साध्या प्रश्नाचं उत्तर देते.

विषाणू किती जोरात आहे? त्यासाठी एचबीव्ही डीएनए, म्हणजे व्हायरल लोड, आणि एचबीईएजी, म्हणजे विषाणू जोमाने वाढतोय याची खूण. यकृत सुजलंय का? त्यासाठी एसजीपीटी आणि एसजीओटी. यकृत आपलं काम करतंय का? बिलिरुबिन, अल्ब्युमिन, पीटी-आयएनआर. यकृतावर व्रण साठलेत का? प्लेटलेट, सोनोग्राफी आणि फायब्रोस्कॅन, म्हणजे यकृत किती कडक झालंय ते मोजणारी तपासणी. शिवाय सोबत दुसरं काही नाही ना, म्हणून हिपॅटायटिस सी, हिपॅटायटिस डी आणि एचआयव्ही. शेवटच्या चाचणीला नाक मुरडू नका. हिपॅटायटिस बीची गोळी एचआयव्हीवरही थोडी चालते, आणि अंगात एचआयव्ही असताना ती एकटीच दिली तर तो औषधाला दाद देईनासा होऊ शकतो. म्हणून गोळी सुरू होण्याआधी ही चाचणी झालीच पाहिजे.

व्हायरल लोड दर वेळी शक्यतो एकाच लॅबमधून करा आणि एकक तपासा. काही जुन्या रिपोर्टांत कॉपीज लिहिलेलं असतं, आता आययू लिहितात. एक आययू म्हणजे साधारण पाच-साडेपाच कॉपीज. हे न कळल्यामुळे माझा आकडा एकदम पाचव्या हिश्श्यावर आला असं समजून मी पेढे आणले होते. पेढे गोडच लागले, पण विषाणू तेवढाच होता.

रिपोर्ट वाचताना दोन सापळे

पहिला सापळा व्हायरल लोडच्या आकड्याचा. वीस-पंचविशीतल्या मुलाचा लोड दहा-वीस कोटी येतो आणि घरात रडारड होते. पण एचबीईएजी पॉझिटिव्ह, लोड कोटींमध्ये आणि एसजीपीटी अगदी नॉर्मल, ही एक ओळखीची अवस्था आहे. शरीराने विषाणूशी अजून भांडणच सुरू केलेलं नाही, म्हणून यकृताचं नुकसानही कमी असतं. उलट लोड काही हजारांत आणि एसजीपीटी सतत चढलेलं, अशा चाळिशीतल्या माणसाची काळजी जास्त करावी लागते. यकृत मुख्यतः विषाणूमुळे नासत नाही, विषाणूला मारायला निघालेल्या आपल्याच सैन्यामुळे नासतं. त्यामुळे एकट्या आकड्याकडे बघून हसू नये आणि रडूही नये.

दुसरा सापळा "नॉर्मल"चा. लॅबच्या कागदावर एसजीपीटीची वरची मर्यादा कुठे ४०, कुठे ५५ छापलेली असते. जागतिक आरोग्य संघटना मात्र हिपॅटायटिस बीसाठी पुरुषांना ३० आणि बायकांना १९ ही मर्यादा धरते. म्हणजे ४५ एसजीपीटी असलेल्या बाईला लॅब "ठीक" म्हणते, तरी ते ठीक नसतं.

व्रणांचा अंदाज घरीही काढता येतो. एसजीओटीला लॅबच्या वरच्या मर्यादेने भागा, शंभराने गुणा, आणि प्लेटलेट जितके हजार असतील तितक्याने भागा. समजा एसजीओटी ६०, मर्यादा ४०, प्लेटलेट १ लाख ८० हजार. साठ भागिले चाळीस म्हणजे दीड, त्याचे दीडशे, भागिले १८०, उत्तर आलं ०.८३. याला एप्री म्हणतात. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२४ च्या मार्गदर्शनात प्रौढांसाठी ०.५ च्या वरचा एप्री किंवा फायब्रोस्कॅनवर ७ किलोपास्कलच्या वरचा आकडा म्हणजे यकृतात लक्षणीय व्रण, आणि १ च्या वर किंवा १२.५ च्या वर म्हणजे सिरॉसिसची, म्हणजे व्रणांनी यकृत आखडून कडक झाल्याची, शंका. हा अंदाज आहे, निकाल नाही. डेंग्यूने प्लेटलेट पडलेल्या आठवड्यात हे गणित करून स्वतःला घाबरवू नका.

"तुम्ही नुसते कॅरियर आहात"

आता या लेखातलं मला सगळ्यात महत्त्वाचं वाटतं ते सांगतो. माझा पहिला लोड कमी होता, एसजीपीटी लॅबच्या हिशेबाने नॉर्मल. त्या वेळच्या डॉक्टरांनी फाईल बंद करून म्हटलं, "काही नाही हो, नुसते कॅरियर आहात. औषध नको. मजा करा." मी मजा केली. तीन वर्षं एकही तपासणी केली नाही. चौथ्या वर्षी सहज केलेल्या रक्तात एसजीपीटी ११२ आणि लोड लाखांत.

औषध नको हे तेव्हा बरोबरच होतं. चुकलं ते "काही नाही". हा आजार अवस्था बदलतो. झोपलेला विषाणू जागा होतो, जागा झालेला पुन्हा झोपतो, आणि यातलं काहीच अंगाला जाणवत नाही. यकृत दुखत नाही. ते गुपचूप सोसतं, म्हणून त्याला दर काही महिन्यांनी विचारावं लागतं. "कॅरियर" हा शब्द ऐकला की माणूस समजतो, आपण नुसते हमाल, ओझं दुसऱ्याचं. ओझं आपलंच असतं.

तेव्हा औषध नको म्हणाले तर लगेच विचारा, "मग तपासणी कधी?" साधारणपणे पहिल्या वर्षी दर तीन महिन्यांनी एसजीपीटी, मग सहा महिन्यांनी, आणि लोड वर्षातून एकदा तरी असं चालतं. तुमच्यासाठी नेमकं अंतर डॉक्टर ठरवतील. ज्यांना सिरॉसिस आहे त्यांनी कुठल्याही वयात, आणि आपल्याकडच्या पुरुषांनी चाळिशीनंतर, बायकांनी पन्नाशीनंतर दर सहा महिन्यांनी सोनोग्राफी करायची असते, बरेच डॉक्टर सोबत एएफपी, म्हणजे यकृताच्या कॅन्सरचा माग काढणारी रक्तचाचणी, सांगतात. घरात कुणाला यकृताचा कॅन्सर झाला असेल तर त्याआधीपासून. गाठ दोन सेंटिमीटरची असताना सापडणं आणि दहाची झाल्यावर सापडणं, यात फार मोठा फरक पडतो.

औषध कधी, कोणतं, कसं

सिरॉसिस किंवा लक्षणीय व्रण असतील तर औषध. लोड २,००० आययूच्या वर आणि एसजीपीटी वर सांगितलेल्या मर्यादेच्या वर असेल तर औषध. घरात यकृताचा कॅन्सर किंवा सिरॉसिस झालेला असेल, सोबत एचआयव्ही, हिपॅटायटिस सी किंवा डी असेल, किंवा प्रतिकारशक्ती दाबणारी औषधं चालू असतील तरीही औषधाचा विचार होतो. २०२४ पासून हे निकष पूर्वीपेक्षा सैल झाले आहेत. चार-पाच वर्षांपूर्वी तुम्हाला "नको" म्हटलं असेल, तर आज पुन्हा विचारायला हरकत नाही.

गोळ्या मुख्यतः दोन, टेनोफोविर आणि एन्टेकाविर. रोज एक. एन्टेकाविर रिकाम्या पोटी, जेवणानंतर दोन तासांनी आणि पुढच्या खाण्याच्या दोन तास आधी. मी रात्री झोपताना घेतो, त्यामुळे एकादशी असो की लग्नाची पंगत, वेळ चुकत नाही. टेनोफोविरचे दोन प्रकार आहेत. जुन्या प्रकारात किडनी आणि हाडांवर लक्ष ठेवावं लागतं, म्हणून किडनीसाठी क्रिएटिनिन तपासत राहतात. नवा प्रकार २५ मिलिग्रॅमचा, तो जेवणाबरोबर घ्यायचा. कुणी आजही लॅमिव्हुडिन हे जुनं औषध एकटंच लिहून दिलं तर दुसऱ्या डॉक्टरांचं मत घ्या. त्याला विषाणू काही वर्षांत सरावतो.

गोळी विषाणूला मारून टाकत नाही. तो आपल्या यकृताच्या पेशीच्या केंद्रकात स्वतःची एक मूळ नोंद करून ठेवतो. गोळी झेरॉक्स काढणं बंद करते, तलाठ्याच्या दप्तरातली नोंद तशीच राहते. म्हणून लोड "सापडत नाही" असा रिपोर्ट आला की बरे झालो समजून गोळी बंद करू नका. अचानक बंद केली की विषाणू उसळतो, आणि त्या उसळीत यकृत निकामी झाल्याची उदाहरणं आहेत. गोळ्या संपायच्या दहा दिवस आधी नव्या आणा. गावाला जाताना दोन ठिकाणी ठेवा, पिशवीत आणि खिशात.

घरच्यांची तपासणी

निदान झालं की आमच्या घरात पहिला बदल झाला तो माझ्या ताटाचा. आईने माझं ताट, वाटी, तांब्या वेगळा केला, त्यावर खिळ्याने खूण केली. चार महिने मी त्या खुणेच्या ताटात जेवलो. वाईट वाटलं, पण आई माझी, बोलणार कोण. मग डॉक्टरांनी सांगितलं, घरातल्या सगळ्यांची चाचणी करा, आईपासून सुरुवात करा. आई तेव्हा सहासष्ट वर्षांची. ती पॉझिटिव्ह निघाली, आणि माझी धाकटी बहीणही.

आईला कळलं की हे बहुधा तिच्याकडूनच आम्हा दोघांकडे आलं, तेव्हा ती दोन दिवस जेवली नाही. तिचा काय दोष? ती बाळंत झाली तेव्हा इथे ना चाचणी होती, ना बाळाला टोचायची लस. हा विषाणू बरुख ब्लुमबर्ग यांच्या संशोधनातून १९६० च्या दशकात हाती लागला, त्यासाठी त्यांना १९७६ चं नोबेल मिळालं. पण आपल्या सरकारी लसीकरणात ही लस प्रायोगिक स्वरूपात २००२-०३ मध्ये आली आणि देशभर पोचायला २०११ उजाडलं. त्याआधी जन्मलेले आपण सगळे नशिबावर होतो. तुमच्या आईलाही हे सांगा, तपासणीच्या आधी सांगा.

तर चाचणी कुणाकुणाची? आई, सख्खी भावंडं, नवरा किंवा बायको, सगळी मुलं, आणि एका छपराखाली राहणारे बाकीचे. एचबीएसएजी (आत्ता लागण आहे का), अँटी-एचबीसी (कधी लागण झाली होती का) आणि अँटी-एचबीएस (संरक्षण आहे का), या तीन चाचण्या. ज्यांची तिन्ही निगेटिव्ह, त्यांना लस: आज, एक महिन्याने, सहा महिन्यांनी. नवरा-बायकोच्या बाबतीत शेवटच्या डोसनंतर एक-दोन महिन्यांनी अँटी-एचबीएस तपासा. ते १० च्या वर आलं की संरक्षण आहे, तोवर निरोध वापरा. बरेच लोक दोन डोस घेऊन तिसरा विसरतात. तिसऱ्याची तारीख पहिल्याच दिवशी लिहून ठेवा.

खुणेचं ताट आता माळ्यावर आहे. एका ताटात जेवल्याने, एका ग्लासातून पाणी प्यायल्याने, मिठी मारल्याने, शिंकल्या-खोकल्याने हा विषाणू जात नाही. लेकराचा पापा घ्या. तो जातो रक्तातून आणि शरीरसंबंधातून. म्हणून वेगळं ठेवायचं ते ताट नव्हे: दाढीचं ब्लेड, टूथब्रश, नेलकटर, कानातल्या टोचणाऱ्या तारा, साखर तपासायच्या मशीनची सुई. केशकर्तनालयात नवं ब्लेड डोळ्यांसमोर फोडायला सांगा. हे तुमच्यासाठी आणि तुमच्या नंतर खुर्चीत बसणाऱ्यासाठीही. कापलं-खरचटलं तर लगेच पट्टी लावा. रक्त सांडलं तर हातमोजे घालून पुसा आणि ती जागा ब्लीचच्या पाण्याने, एक भाग ब्लीच आणि नऊ भाग पाणी, स्वच्छ करा. वाळलेल्या रक्तातही हा विषाणू सात दिवस तग धरू शकतो. आणि रक्तदान आता कधीच नाही. मंडळाच्या शिबिरात मी रजिस्टर सांभाळतो.

गरोदर असाल तर

घाबरण्याआधी एवढं ऐका: बाळाला वाचवण्याची साधनं आज हाताशी आहेत. तुमचा व्हायरल लोड २ लाख आययूच्या वर असेल तर शेवटच्या तिमाहीत टेनोफोविर देतात. बाळ जन्मल्यावर लसीचा पहिला डोस आणि एचबीआयजी नावाचं तयार प्रतिपिंडांचं इंजेक्शन, दोन्ही शक्यतो बारा तासांच्या आत, दोन वेगळ्या मांड्यांवर. पुढे सहाव्या, दहाव्या आणि चौदाव्या आठवड्यात नेहमीची पेंटाव्हॅलंट लस, तिच्यात हिपॅटायटिस बी असतेच.

अडचण होते ती एचबीआयजीची, कारण ते प्रत्येक छोट्या नर्सिंग होममध्ये तयार नसतं. आठव्या महिन्यातच विचारा, ते कुठे मिळेल, कोण आणून ठेवेल. रात्री दोनला बाळंत झाल्यावर नवऱ्याला मेडिकल शोधायला पाठवणं ही योजना नव्हे. अंगावर पाजायला हरकत नाही. बाळ नऊ महिन्यांचं झालं की वर्षाच्या आसपास त्याची एचबीएसएजी आणि अँटी-एचबीएस करा, आधी नको.

झाडपाला, माळ आणि चुन्याचं पाणी

कावीळ म्हटलं की आपल्याकडे प्रत्येकाला एक गाव माहीत असतं. कुठे नाकात देवडांगरीचे थेंब सोडतात, कुठे माळ घालतात आणि ती वाढत वाढत पोटापर्यंत आली की कावीळ उतरली म्हणतात, कुठे हातावर काहीतरी चोळून चुन्याच्या पाण्यात धुतात आणि पाणी पिवळं झालेलं दाखवतात. ते पिवळं हातावर चोळलेल्या सालीच्या रसाचं आणि चुन्याचं असतं, तुमच्या यकृतातलं नाही. माळ "काम करते" कारण हिपॅटायटिस ए आणि ई बहुतेकांचा आपोआप बरा होतो. माळ नसती तरी झाला असता. जुनाट हिपॅटायटिस बी आपोआप जातो तो फार क्वचित, वर्षाला शंभरात एखाद्याचा.

भुईआवळ्याबद्दल मात्र एक गोष्ट सांगण्यासारखी आहे. १९८८ साली मद्रासच्या संशोधकांनी खुद्द ब्लुमबर्ग यांच्यासोबत 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात लिहिलं की त्याच्या चूर्णाने निम्म्याहून जास्त रुग्णांचं एचबीएसएजी गेलं. जगभर खळबळ उडाली. पुढे इतरांनी तेच प्रयोग करून पाहिले तेव्हा तसा परिणाम मिळाला नाही. म्हणजे कुणी तपासलंच नाही, अशी तक्रार करायला जागा नाही.

नुसतं निरुपयोगी असतं तर मी गप्प बसलो असतो. कोविडच्या काळात गुळवेलीचे काढे घेतलेल्या काही जणांच्या यकृताला इजा झाल्याच्या नोंदी मुंबईच्या डॉक्टरांनी प्रसिद्ध केल्या. त्यावर वाद झाला, पण आधीच सुजलेल्या यकृतावर हा जुगार कशाला? सांधेदुखीच्या बिननावाच्या पुड्या तर हातात धरू नका. त्यांत स्टेरॉइड कालवलेलं असू शकतं, आणि स्टेरॉइडने झोपलेला विषाणू उठतो.

ताट आणि पेला

दारू बंद. "बियर चालेल का?" नाही. यात मी वाटाघाट करत नाही.

हळद बंद, तेल बंद, नुसता उसाचा रस, हे सगळं विसरा. रोजची भाजी-भाकरी-वरण-भात खा. खरा शत्रू पोटाचा घेर आहे. फॅटी लिव्हर आणि हिपॅटायटिस बी एकत्र आले की यकृताला दोन सावत्र आया मिळतात. शेंगदाणे निवडून घ्या: बुरशी धरलेल्या शेंगदाण्यांत आणि मक्यात अफ्लाटॉक्सिन नावाचं विष असतं, आणि हिपॅटायटिस बी असलेल्यांत ते यकृताच्या कॅन्सरचा धोका फार वाढवतं. कडू, काळपट, सुरकुतलेला दाणा कुटात टाकून "वाया कशाला घालवायचा" करू नका.

पॅरासिटामॉल योग्य मात्रेत चालतं, पण किती ते डॉक्टरांना विचारून घ्या.

कुणाला सांगायचं

ऑफिसला सांगायची गरज नसते. डबा एकत्र खाल्ल्याने काही होत नाही. नातेवाइकांच्या ग्रुपवर तर मुळीच नको.

पण डॉक्टर कुठलाही असो, दातांचा असो की हाडांचा, त्याला सांगा. टीबीची औषधं, केमोथेरपी, संधिवाताची इंजेक्शनं सुरू होणार असतील तर दोनदा सांगा, कारण काही औषधांनी विषाणू उसळतो आणि टीबीच्या काही गोळ्या यकृताला जड जातात. हे सांगितल्यामुळे कुणी तोंड वाकडं करेलही. मला एका ठिकाणी दात काढायला दिवसाचा शेवटचा नंबर दिला, वर फाईलवर लाल शाईत मोठ्ठं लिहिलं. खरं तर प्रत्येक रुग्णाला हातमोजे आणि निर्जंतुक केलेली हत्यारं हाच नियम आहे, कारण आपल्याला लागण आहे हे माहीतच नसलेले लोक कितीतरी जास्त आहेत. जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजाने २०२२ मध्ये भारतात २ कोटी ९८ लाख लोकांना हिपॅटायटिस बी होता. मी दुसरा डेंटिस्ट शोधला.

लग्न ठरत असेल तर साखरपुड्याआधी सांगा, आणि लसीची माहिती सोबत घेऊन सांगा. नुसतं "मला हिपॅटायटिस आहे" म्हणून गप्प बसलात तर समोरचं माणूस रात्री दोनपर्यंत तेच वाचेल जे तुम्ही वाचलंत.

आखाताचं मात्र कडू आहे. तिकडच्या मेडिकलमध्ये एचबीएसएजी पॉझिटिव्ह आलं की साधारणपणे "अनफिट"चा शिक्का बसतो. कोकणातल्या कितीतरी मुलांना पहिल्यांदा असंच कळतं. लोड शून्य असला तरी एचबीएसएजी जात नाही, त्यामुळे गोळ्या घेऊन ही परीक्षा पास होता येत नाही. "दुसऱ्याचं रक्त देऊ" म्हणणाऱ्या एजंटला पैसे देऊ नका. विमा काढताना आजार लपवू नका, क्लेमच्या वेळी तो कागद बाहेर येतोच.

कधी धावत सुटायचं

डोळे किंवा लघवी गडद पिवळी, रक्ताची उलटी, डांबरासारखी काळी शौच, पोट आणि पाय सुजणं, दिवसा झोप आणि रात्री जाग, बोलण्यात असंबद्धपणा. यातलं काहीही दिसलं तर पुढच्या तारखेची वाट पाहू नका, त्याच दिवशी मोठ्या रुग्णालयात.

फाईल आणि कॅलेंडर

एक जाड फाईल घ्या. सगळ्यात वर एक कोरा कागद आणि त्यावर पाच रकाने: तारीख, एसजीपीटी, व्हायरल लोड, प्लेटलेट, सोनोग्राफी. दर वेळी एक ओळ. नवा डॉक्टर चाळीस कागद चाळत नाही, तो ही ओळ बघतो. फाईल कुठे आहे ते घरातल्या आणखी एका माणसाला माहीत हवं. मोबाईलमध्ये फोटो ठेवा, पण मूळ कागद फेकू नका, लॅबची शाई उडते म्हणून झेरॉक्सही काढा.

आमच्या घरात आता तीन फायली आहेत. आई सत्त्याहत्तर वर्षांची झाली, तिला औषध लागलं, ती ते देवपूजेच्या वेळेशी बांधून घेते. बहीण अजून नुसत्या तपासणीवर आहे. आम्ही तिघं जानेवारीत आणि जुलैत एकाच सकाळी उपाशीपोटी जातो, सोनोग्राफी झाली की स्टँडसमोर पोहे खातो. आई दर वेळी रिसेप्शनवरच्या मुलीला विचारते, "पुढची तारीख बुधवारी मिळेल का गं? गुरुवारी मला उपास असतो." मग घरी येऊन कालनिर्णयवर लाल पेनाने गोल करते, माझ्या नावाचा 'म', बहिणीचा 'सु' आणि स्वतःसाठी नुसती टिकली.